पाटीतला पाला ताटातही यावा

हिवाळ्यात आपल्या शिवारात मेथी, पालक, मुळा व कांद्याची पात यांची रेलचेल असते. परंतु ताज्या जुड्या बाजारास जातात आणि घरात उरलासुरला पाला राहतो. तोही पुष्कळ वेळ शिजवून, पाणी पिळून टाकून खाल्ला जातो. ही रीत बदलली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न केवळ चवीचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ साली महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ४८ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. २०१९-२१ साली हे प्रमाण ५४.२ टक्के झाले. जी स्त्री पाला खुडते, निवडते व जुड्या बांधते, तिच्याच अंगात रक्त कमी असावे, ही गोष्ट शेतीच्या प्रगतीस शोभणारी नव्हे.

खानदेश-वऱ्हाडकडे मेथीचा घोळाणा करतात. त्यालाच थोडी जोड द्यावी. कोवळी मेथी स्वच्छ पाण्याने तीन-चार वेळा धुऊन बारीक चिरावी. तीत कांदा, पेरूच्या फोडी, भाजलेल्या शेंगदाण्यांचे जाडसर कूट व चमचाभर तेल घालावे. अर्धा लिटर दूध उकळून त्यात लिंबू पिळावे. फाटलेले दूध फडक्यात बांधून निथळले की पनीर होते. ते कुस्करून मिसळावे. मीठ व लिंबू मात्र पाने वाढतानाच घालावे, म्हणजे पाणी सुटत नाही. पनीर आधी करून ठेवले, तर भाकऱ्या होईपर्यंत घोळाणा तयार होतो.

यातील प्रत्येक जिन्नसाला कारण आहे. पाल्यातील लोह अंगी लागण्यास ‘क’ जीवनसत्त्व साहाय्य करते. ते शिजवण्याने बरेच नष्ट होते, पण पेरू व लिंबू यांतून कच्चेच मिळते. दाण्यांतून प्रथिने व स्निग्धांश मिळतात. स्निग्धांशामुळे पाल्यातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा अंश पचनी पडतो. ‘ब-१२’ च्या उणिवेनेही रक्तक्षय होतो. ते पाल्यात नसते, दुधात असते. जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास लोह कमी शोषले जाते, म्हणून तासभर थांबावे.

कच्चा पाला गुरांनी खावा, असे काही जण म्हणतात. परंतु कोथिंबीर व काकडी आपण कच्चीच खातो. धोका कच्चेपणात नसून अस्वच्छतेत आहे. सांडपाण्यावर वाढलेला किंवा नुकतीच औषधफवारणी झालेला पाला घेऊ नये. बुरशी आलेले शेंगदाणे टाकून द्यावेत. तसेच डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घोळाण्याच्या भरवशावर बंद करू नयेत.

प्रत्येक शेतकऱ्याने एक वाफा घरासाठी राखावा व त्यावर विषारी औषध मारू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बियाणे व खते यांची माहिती देताना सभेत हा पदार्थ करूनही दाखवावा, आणि त्या सभेस पुरुषांनाही आवर्जून बोलवावे. कारण घरातील स्त्री सर्वांच्या शेवटी जेवते, तेव्हा पातेल्यात काय उरते याचा विचार पुरुषांनीच करावयाचा आहे. घोळाण्याचा पहिला वाटा तिच्या ताटात पडला, तरच त्या वाफ्याचे खरे चीज झाले.