वर गहू, खाली तेल
ओक्लाहोमाच्या खेड्यांत गहू पिकवणारा शेतकरीच तेलविहिरींवर 'पंपर', म्हणजे विहिरींची देखरेख करणारा, म्हणून राबताना दिसतो. पहाटे गुरांना चारा टाकायचा, मग पिकअप काढून तेलाच्या एकेका टाकीवर चढायचं, वजन बांधलेली पट्टी आत सोडायची आणि तेलाने काळी झालेली खूण पाहून वहीत आकडा मांडायचा. गंमत म्हणजे रान त्याचं असलं, तरी खालचं तेल त्याचं असेलच असं नाही. आजोबांनी खनिजहक्क विकले असतील, तर रॉयल्टी भलत्याच्याच घरी! १९८६ साली तेल पिंपाला दहा डॉलरच्या आसपास कोसळलं, तेव्हा शेतीही कर्जात रुतलेली होती. जोडधंद्याचा आधार कसला, दोन्ही एकदमच बसले. अशा कित्येक घरांची चूल मग बायकोच्या शाळेतल्या नाहीतर दवाखान्यातल्या पगारावर पेटत राहिली. आरोग्यविमाही बहुधा तिच्याच नोकरीतून.