दोन डिस्क लावल्या, म्हणजे बॅकअप झाला का?

आपल्या बॅचमधला एक मुलगा अक्कलकोट रोडच्या कारखान्यांना टॉवेल-चादरीची जेकार्ड डिझाइनं करून देतो. घरात एक कॉम्प्युटर, त्यात एकच हार्ड डिस्क. पूर्वी डिझाइन म्हणजे पुठ्ठ्याची पंचकार्डं असायची. उंदरानं कुरतडली तरी निम्मी उरायची. फाइलचं तसं नाही. भर मे महिन्यात डिस्क टकटक करायला लागली आणि चार वर्षांचं काम गेलं. रिपीट ऑर्डर आली तेव्हा जुनं डिझाइन त्यानं आठ दिवस बसून पुन्हा काढलं. फुकटात.

माझं मत स्पष्ट आहे. धंद्याचा डेटा एका डिस्कवर ठेवणं म्हणजे गल्ला उघडा टाकून जेवायला जाणं.

सुरुवातीला रेड १ पुरे. याला मिररिंग म्हणतात. ४ टीबीच्या दोन डिस्क, दोन्हींवर तेच लिहिलं जातं, जागा मिळते ४ टीबीच. एक गेली तरी काम चालू राहतं. विंडोजमध्ये ‘स्टोरेज स्पेसेस’ आहे, वेगळे पैसे लागत नाहीत. पण जपून हां, पूलमध्ये घेतलेली डिस्क आधी पूर्ण पुसली जाते! त्यामुळे नव्या, रिकाम्याच डिस्क जोडा. जागा कमी पडली की त्याच पूलमध्ये आणखी दोन टाकायच्या.

रेड ५ ला किमान तीन डिस्क लागतात. ४ टीबीच्या तीन लावल्या तर ८ टीबी जागा मिळते. ऐकायला स्वस्त वाटतं. पण एक बिघडली की नवी भरून निघेपर्यंत उरलेल्या दोन तासन् तास राबतात, आणि तेवढ्यात दुसरी गेली तर सगळंच गेलं. घरच्या सेटअपला मी तरी सांगणार नाही. त्यापेक्षा ते पैसे यूपीएसवर घाला, आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसतो.

आता मूळ प्रश्न. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून फाइल डिलीट केली तर ती दोन्हीकडून त्याच क्षणी जाते. व्हायरसनं लॉक केली, तरी दोन्हीकडे लॉक. म्हणून तिसरी, यूएसबीची डिस्क हवीच. दर शनिवारी कॉपी करायची, काढायची आणि मामाच्या नाहीतर बहिणीच्या घरी ठेवायची. त्यात टॅलीचा डेटाही घ्या. जीएसटीची हिशेबवही वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागते, आणि ‘डिस्क उडाली साहेब’ हे तिथं चालत नाही.

त्या मुलानं आता दोन डिस्क बसवल्यात. तिसरी अजून घ्यायचीय म्हणतो, दिवाळीनंतर. मी रोज विचारतोय.