अरुंद दरवाज्यापलीकडे फ्लॅट नाही

रील्सवर एक साक्ष वारंवार दिसते. ‘प्रभूवर विश्वास ठेवला आणि व्हिसा आला, कर्ज फिटलं, लग्न जमलं.’ खाली ‘आमेन’ची रांग. मी ख्रिस्ती घरात वाढलेय, कुणाच्या प्रार्थनेची थट्टा मला करायची नाही. पण श्रद्धेची कॅशबॅक योजना होत असेल तर बोललंच पाहिजे.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू रुंद रस्ता आणि अरुंद दरवाजा समोर ठेवतो. अरुंद वाट जीवनाकडे जाते म्हणतो. तिच्या टोकाला फ्लॅट आहे, असं कुठेही म्हणत नाही.

पंडिता रमाबाईंकडे बघा. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या विधवा होत्या आणि पदरात लहानगी मनोरमा होती. संस्कृतच्या पंडिता म्हणून कलकत्त्यात, पुण्यात मिळवलेला मान त्यांनी पणाला लावला. बरं, नव्या घरात तरी गप्प राहावं? नाही. तिथल्या सिस्टर्सशी त्रैक्यावरून वाद घातला. एका पुरोहितशाहीतून सुटले ती दुसरीत अडकायला नाही, ही त्यांची भूमिका. पुढे १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुण्याला नेलं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळातल्या रानडे-भांडारकरांनीही अंग काढून घेतलं.

‘पैशासाठी धर्म बदलतात’ म्हणणाऱ्यांनी या बाईचा जमाखर्च मांडून दाखवावा. ‘विश्वास ठेवा, भरभराट होईल’ म्हणणाऱ्या पास्टरांनीही मांडावा.

मग मिळालं काय? दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुली केडगावच्या मुक्तीत जगल्या, शिकल्या, स्वतःच्या हाताने कमवू लागल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली, पुढच्याच वर्षी त्या स्वतः. साक्षीच्या व्हिडिओत बसणारा शेवट नाही हा. पण मुक्तीचं काम आजही चालू आहे.

तुम्ही म्हणाल, ‘त्या रमाबाई होत्या, आपण साधी माणसं.’ ठीक आहे, साधंच घ्या. ख्रिस्ती स्थळांच्या बायोडेटातही जात अजून विचारली जाते. तो रकाना कोरा ठेवून बघा. मावश्या रुसतील, दोन-चार स्थळं परत जातील. पण रविवारी एकाच भाकरीतून प्रभुभोजन घेताना शेजारच्या माणसाकडे नजर वर करून बघता येईल. मला तरी याहून मोठं बक्षीस माहीत नाही.