क्रीमचेही लेबल वाचा

पुण्याहून मिक्सर आणायचा झाला की आपली मंडळी आधी व्होल्ट बघतात. इथे योकोहामात १०० व्होल्ट, तिकडचा मिक्सर २३० चा; ट्रान्सफॉर्मरशिवाय चटणी व्हायची नाही, हे सर्वांना पाठ आहे. (आल्याची छोटी जपानी किसणी मात्र डोळे मिटून घ्या.) हीच चिकित्सक मंडळी सुट्टीत घरी जाताना भाचीसाठी 'बिहाकु' क्रीम उचलतात, तेव्हा त्यात काय आहे हे विचारतही नाहीत.

बिहाकु म्हणजे सुंदर गोरेपणा. पण जपानी नियमांनुसार अशा क्रीमला दावा करता येतो तो एवढाच, की मेलॅनिन कमी तयार होऊन डाग टळतात. सावळीला गोरी करण्याचा नाही. आणि मेलॅनिन रोखणे हा पोरखेळ नव्हे. कानेबो कंपनीच्या ऱ्होडोडेनॉल या घटकाला २००८ मध्ये सरकारी मान्यता मिळाली होती. जुलै २०१३ मध्ये ती सर्व उत्पादने परत मागवावी लागली. १९ हजारांहून अधिक लोकांच्या त्वचेवर पांढरे चट्टे उठले. त्वचेतल्याच टायरोसिनेज एन्झाइमने त्या घटकाचे विषारी रसायन बनवले आणि रंगपेशीच मेल्या.

२०२० मध्ये भारतातल्या 'फेअर अँड लव्हली'तला 'फेअर' गेला, २०२१ मध्ये काओ कंपनीने 'बिहाकु' हा शब्द सोडला. आपल्या स्थळांच्या जाहिरातींतली 'गोरी' अजून आहेच.

भाचीला न्यायचेच तर सनस्क्रीन न्या. इथली चिकट नसतात, मी रोज वापरते. काही सावळ्या रंगावर पांढरट दिसतात, तेव्हा दुकानातला नमुना आधी हातावर लावून बघा.