बॉल आला, तारीख आली नाही

मुखेडच्या पोरांना मँचेस्टर युनायटेडच्या प्रवासाची काळजी पडली आहे. यावर ज्यांना हसायचं असेल त्यांनी आधी हसून घ्यावं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

२५ मे २०२५ ला युनायटेडचा लीगमधला शेवटचा सामना झाला आणि २८ तारखेला तीच टीम क्वालालंपूरला आसियान ऑल स्टार्ससमोर उभी होती. हरली, १-०. मग दोन दिवसांत हाँगकाँग. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो आठवडाभर धुमश्चक्री चालली होती. सीझनभर दमलेल्या पायांना इतकं लांब कशाला पळवायचं, पैसा कुणाच्या खिशात जातो, कोच गप्प का बसतो. जुलैत प्री-सीझनचे दौरे सुरू झाले. आर्सेनल सिंगापूरला, लिव्हरपूल हाँगकाँग आणि टोकियोला. मग नेहमीचा प्रश्न : सिंगापूरपर्यंत येतात, तर भारतात यायला काय होतं?

या ग्रुपवर कोण आहे तेही सांगतो. एक जण मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात बसतो. दोघं नांदेडला राहून पोलीस भरतीची तयारी करतात. एक चाकणला कंपनीत आहे. आणि एक, जो शाळेत आमचा सगळ्यात वेगवान विंगर होता, तो दसरा झाला की आईबापाबरोबर ऊसतोडीला जातो.

घरचे म्हणतात, रिकामटेकडी पोरं. पुण्या-मुंबईचे फॅन म्हणतात, तुम्ही प्लास्टिक फॅन, तुम्ही कधी स्टेडियम पाहिलंय का? दोघांचंही मला पटत नाही. सामना कुठे होणार, कधी होणार, प्रवास कुणी करायचा आणि हे सगळं ठरवणार कोण, हा फुटबॉलमधला सगळ्यात मोठा प्रश्न आहे, आणि पोरं नेमकं त्यावरच बोट ठेवतात. माझं भांडण वेगळं आहे. ही सगळी अक्कल आपण दुसऱ्यांच्या टीमवर खर्च करतो आणि आपल्या टीमच्या वेळी खाली मान घालून बसतो.

परदेशी टीम महाराष्ट्रात आलीच नाही असं नाही. ७ ऑक्टोबर २०११ ला ब्लॅकबर्न रोव्हर्स ऐन सीझनमध्ये विमानात बसून पुण्यात आली आणि बालेवाडीला पुणे एफसीला ३-० ने हरवून गेली. का आली? तर २०१० मध्ये हा क्लब पुण्याच्या व्हेंकीज कंपनीने विकत घेतला होता. तिकडे ब्लॅकबर्नचे फॅन चिडलेले होते. टीम हरत चालली असताना मालकाच्या गावी मिरवायला जायची ही काय वेळ आहे, असं त्यांचं म्हणणं. त्याच सीझनच्या शेवटी टीम प्रीमियर लीगमधून खाली गेली. एका मैत्रीच्या सामन्याने टीम बुडत नसते. पण तारखा मालकाच्या मर्जीने ठरतात तेव्हा फॅनने आवाज करायचा असतो, एवढं त्या लोकांना कळत होतं.

आपण मात्र ड्रॉ निघाला की आधी हार-तुरे घेऊन तयार. २४ ऑगस्ट २०२३ ला एएफसी चॅम्पियन्स लीगचा ड्रॉ निघाला, मुंबई सिटीच्या गटात अल हिलाल आली आणि सगळीकडे एकच नाव : नेमार. मुंबई सिटीचं घर अंधेरीला, पण ते मैदान या स्पर्धेच्या अटींत बसत नव्हतं, म्हणून घरचे सामने पुण्याला नेले. म्हणजे घरचा सामनासुद्धा प्रवासाचा. अल हिलालचा सामना शेवटी नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर, ६ नोव्हेंबरला झाला. त्याआधीच, १७ ऑक्टोबरला, ब्राझीलकडून खेळताना नेमारचा गुडघा गेला होता. तो आलाच नाही.

दोन वर्षांनी तोच खेळ गोव्यात. १५ ऑगस्ट २०२५ च्या ड्रॉमध्ये एफसी गोवाच्या गटात अल नस्र आली. रोनाल्डो फातोर्ड्याला येणार की नाही, यावर दोन महिने चर्चा. २२ ऑक्टोबरला सामना झाला, रोनाल्डो आला नाही. अल नस्र २-१ ने जिंकली. पण गोव्याचा तो एक गोल कुणी केला? गोव्याच्याच ब्रायसन फर्नांडिसने. आमच्या ग्रुपवर रोनाल्डो न आल्याचे शेकडो मेसेज पडले, ब्रायसनच्या गोलवर दोन. त्यातला एक माझा होता म्हणून मोजता आले.

तारीखच नसणं म्हणजे काय, हे त्याच वर्षी देशातल्या सगळ्यात वरच्या खेळाडूंनाही कळलं. आयएसएल चालवणाऱ्या कंपनीचा फेडरेशनबरोबरचा करार संपत आला होता, पुढचं काही ठरत नव्हतं, म्हणून जुलै २०२५ मध्ये सीझनच लांबणीवर टाकला. प्री-सीझन कशाची करायची हेच माहीत नाही. काही क्लबांनी पगार थांबवले. एरवी सप्टेंबरात सुरू होणारी लीग १४ फेब्रुवारी २०२६ ला सुरू झाली. १४ टीम, एकमेकांशी एकदाच, एकूण ९१ सामने. इंडियाची जर्सी घातलेली माणसं सोशल मीडियावर हात जोडून म्हणत होती की आम्हाला खेळू द्या.

ते बघून मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर ओळखीचंही वाटलं. आमचं फुटबॉल कायम तसंच चालत आलं आहे.

१५ सप्टेंबर २०१७ आठवतो का? सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप भारतात होणार होता आणि महाराष्ट्र सरकारने एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचं ठरवलं होतं. शाळाशाळांत बॉल वाटले. कल्पना वाईट नव्हती, मजा आली, फोटो निघाले. पण १६ सप्टेंबरचं काय? पुढचा सामना कुणाशी, कोणत्या मैदानावर, कधी? त्याचं उत्तर बॉलबरोबर आलं नाही. बॉल आला, तारीख आली नाही. तारीख नसलेला बॉल पहिले कपाटात जातो आणि मग त्यातली हवा जाते.

आमच्या शाळेच्या टीमचं वर्ष कसं असायचं? आदल्या दिवशी संध्याकाळी सरांच्या फोनवर निरोप : उद्या नांदेडला जिल्ह्याचे सामने. पहाटेची एसटी. मांडीवर डबा, बॅगेत एकाचे बूट दोघांत. तिथे दोन-तीन तास थांबा. मग पहिली फेरी, हरला की बाहेर. रात्री परत मुखेड. झालं आमचं वर्ष. बाद फेरीचं गणितच असं आहे. १६ टीम असल्या तर पहिल्याच फेरीत आठ टीमचा सीझन संपतो. युनायटेडच्या खेळाडूंना जास्त सामने आहेत म्हणून आपण हळहळतो. आमच्या गोलकीपरला दहावीपर्यंत एकूण तीन सामने मिळाले, त्यासाठी हळहळायला कुणी नव्हतं.

वर हे सामने पावसाळ्यात. आमची जमीन काळी. ऑगस्टमध्ये बूट चिखलात रुततो, एप्रिलमध्ये त्याच जमिनीला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. पाऊस म्हणजे इकडे काय असतो हे २०२५ ला सगळ्यांनी पाहिलं. गोव्याचा ड्रॉ निघाला १५ ऑगस्टला, आणि १७-१८ ऑगस्टच्या रात्री मुखेड तालुक्यात असा कोसळला की हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगोली पाण्यात गेली. माणसं गेली, गोठ्यात बांधलेली जनावरं गेली. त्या आठवड्यात ग्रुपवर रोनाल्डोचं नाव कुणी काढलं नाही.

पावसापुढे कुणाचं चालत नाही, हे मान्य. पण पावसाचा विचार करून तारीख ठरवता येते, जागा बदलता येते. २०१७ च्या त्याच वर्ल्ड कपमध्ये ब्राझील-इंग्लंड सेमीफायनल गुवाहाटीला होती. पावसाने मैदान खराब झालं, तर दोन दिवस आधी अख्खा सामना उचलून कोलकात्याला नेला. ब्राझीलच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे घोटे मोलाचे होते म्हणून. आमच्याकडच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे घोटे कशाचे असतात?

मग दिवाळीनंतर ठेवा सामने, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणायचो, विंगरशी बोलेपर्यंत. तो म्हणाला, “दिवाळीनंतर मी कुठं असतो माहीत नाही का तुला?” त्याच्या तांड्यावरची निम्मी घरं तेव्हा कुलूपबंद असतात. फेब्रुवारीत शिवजयंतीच्या आसपास गावोगाव स्पर्धा होतात, तेव्हा तो कुठल्यातरी कारखान्याच्या फडात मोळ्या बांधत असतो. युनायटेडच्या प्रवासावर दिवसभर बोलणाऱ्या आपल्या ग्रुपने आपल्याच विंगरच्या प्रवासावर कधी एक मेसेज टाकला नाही. आपल्या तालुक्यातला सगळ्यात मोठा अवे दौरा तोच आहे, पाच-सहा महिन्यांचा.

आणि मुली? आमच्या शाळेत चांगल्या खेळणाऱ्या चौघी होत्या. त्यांचा प्रश्न खेळाचा नव्हताच, परतीच्या बसचा होता. पहाटे निघून अंधारात परत येणाऱ्या सामन्याला घरून होकार मिळत नाही. तोच सामना पंधरा-वीस किलोमीटरवर, शनिवारी सकाळी असला तर दुपारच्या जेवणाला पोरगी घरी असते. लांबचं मैदान कुणाला गाळतं, हे तेव्हा कळतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. तालुक्यातल्या सहा टीम घ्या : मुखेड, मुक्रमाबाद, बाऱ्हाळी, जांब, येवती, सावरगाव. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं. एकूण सामने होतात १५. सोळा टीमच्या बाद फेरीलाही १५ सामनेच लागतात. खर्च जवळपास तोच, पण इथे प्रत्येक पोराला पाच सामने मिळतात, पहिला हरला तरी. तीन टीमना घरचे तीन, तीन टीमना घरचे दोन. कुणाला तीन मिळणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, हाच आपला ड्रॉ. सुरुवात पाऊस उघडला की लगेच आणि तांड्यावरची पोरं निघायच्या आत संपवायचं. दिवस कमी पडले तर शनिवार-रविवार सलग ठेवा. पाऊस लांबला तर राखीव तारखा आधीच लिहून ठेवा. मुलींचे सामने त्याच मैदानावर, त्याच सकाळी, आधी. आणि सगळं वेळापत्रक जूनमध्ये, शाळा उघडताना, प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लागलं पाहिजे.

यावर पहिला आक्षेप येईल : इकडे क्रिकेट आणि कबड्डी चालते, फुटबॉल बघायला येतं कोण? कोल्हापुरात जाऊन बघा. पेठेतल्या तालमींच्या टीम, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, आणि शाहू स्टेडियममध्ये उभं राहायला जागा नाही. तिथलं पाणी वेगळं आहे असं नाही. दर वर्षी सीझन येतो, हे तिथल्या पोराला माहीत असतं. कोणत्या दिवशी कोण कुणाशी, हे आधी कळतं, म्हणून लोक येतात, म्हणून भांडणंही होतात. तारीख जाहीर केल्याशिवाय गर्दी कशी येणार?

दुसरा आक्षेप : हे काम सरकारचं, क्रीडा खात्याचं. बरोबर, आणि त्यांच्याकडे मागायलाच हवं. पण मागायला गेल्यावर ‘काहीतरी करा’ म्हणालात तर चहा पाजून परत पाठवतील. हातात सहा टीम, १५ सामने, तारखा, मैदानं आणि एसटीचा खर्च लिहिलेला कागद असला तर समोरच्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

तिसरा आक्षेप ग्रुपमधलाच : आपल्याला कुठे जमतं हे? अरे, चॅम्पियन्स लीगचा नवा फॉरमॅट तुम्ही मला अर्ध्या तासात समजावून सांगितला होता. कोणत्या टीमला कुठल्या आठवड्यात तीन दिवसांत दोन सामने पडतात हे तुम्हाला पाठ आहे. फक्कीने मैदान आखणं त्याहून अवघड नाही.

युनायटेडची प्री-सीझन बघा, खुशाल बघा, मीही बघतो. पण यंदा दौऱ्याच्या तारखा ग्रुपवर पडल्या की त्याच्या खाली लगेच आपला कागद पडला पाहिजे. पहिल्या ओळीत विंगर कोणत्या तारखेला फडावर निघतो ते लिहा. बाकीच्या तारखा त्याच्या आत बसवायच्या आहेत.