मेघाच्या घरचें बिऱ्हाड

चेंबूरच्या सुशिक्षित घरांतून रात्रीच्या पंगतीस हल्लीं एक नवा शब्द वारंवार कानीं पडतो. एखादा चिरंजीव पानावर बसतां बसतां सांगतो, ‘आमचें अ‍ॅप काल क्लाउडवर चढविलें.’ वडीलधारीं माणसें मान डोलावितात आणि भाताकडे वळतात. त्यांची समजूत अशी कीं, हा विषय मुलांचा. आपल्या वयास त्यांतलें काय कळणार! आमचें म्हणणें याच्या उलट आहे. या विषयांतील यंत्राचा भाग मुलांनींच पाहावा. परंतु त्यांत संसाराचा म्हणून जो भाग आहे, तो वडीलधाऱ्यांवांचून नीट व्हावयाचा नाहीं. तो कसा, हें या महिन्यांत पाहूं.

प्रथम नांवाचा उलगडा करूं. क्लाउड म्हणजे मेघ. कालिदासाच्या यक्षानें मेघाहातीं निरोप धाडला खरा. परंतु कवीनें वाचकास आधींच बजावून ठेविलें आहे कीं, मेघ हा जड पदार्थांचा समुच्चय, आणि निरोप पोंचविणें हें सचेतनाचें काम. आजच्या मेघाविषयींहि हा विवेक ठेवावा. शिवाय हा मेघ आकाशांत नाहीं. चेंबूरहून मानखुर्दमार्गें जाऊन वाशीच्या पुलावरून खाडी ओलांडावी आणि ठाणें-बेलापूर रस्त्यास लागावें. महापे, रबाळे, ऐरोली या भागांत कारखान्यांच्या शेजारीं भल्या मोठ्या, जवळजवळ बिनखिडक्यांच्या इमारती दिसतात. त्यांत मांडण्यांवर मांडण्या रचून असंख्य संगणक अहोरात्र चालू असतात. ते तापूं नयेत म्हणून वेगळीं यंत्रें, आणि वीज गेल्यास बॅटऱ्या व डिझेलवर चालणारीं जनित्रें. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबईची वीज अकस्मात् गेली आणि लोकल गाड्या जागच्या जागीं थांबल्या, तो दिवस वाचकांच्या स्मरणांत असेलच. असल्या दिवसासाठींच ही तरतूद असते. अशा संगणकशाळांतील जागा व शक्ति भाड्यानें देण्याचा व्यवसाय म्हणजेच क्लाउड. मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं पुणें, मुंबई व चेन्नई येथें, अ‍ॅमेझॉननें २०१६ सालीं मुंबईस आणि गूगलनें २०१७ सालीं मुंबईसच आपलीं केंद्रें उघडलीं.

ही कल्पना मुंबईस अगदींच अपरिचित नाहीं. गिरणगांवांतील गिरण्या पूर्वीं आपापले बॉयलर आपापल्या आवारांत ठेवीत. कोळसा आणणें आणि राख काढणें हा व्यापहि त्यांचाच. १९१५ सालीं खोपोलीची जलविद्युत् मुंबईस पोंचली आणि शक्ति ही बाहेरून विकत घेण्याची वस्तु झाली. पुढें १९५६ सालीं आम्हां चेंबूरकरांच्या उशाशीं ट्रॉम्बेचें औष्णिक केंद्र उभें राहिलें. घरांत दिवा लावण्यासाठीं आज कोणी जनित्र विकत घेत नाहीं. संगणकाचेंहि तसेंच झालें. वेब अ‍ॅप, म्हणजे फोनवर अगर संगणकावर पत्ता टाकतांच दुरून चालणारी आज्ञावलि. ती लोकांपुढें मांडावयाची तर पूर्वीं स्वतःचा सर्व्हर विकत घ्यावा लागे, त्यास थंड खोली आणि राखणीस जाणता माणूस ठेवावा लागे. अ‍ॅमेझॉननें २००६ सालीं असे संगणक तासाच्या भाड्यानें देण्यास आरंभ केला. २००८ सालीं गूगलनें ‘अ‍ॅप इंजिन’ काढून पुढचें पाऊल टाकलें: आपण आज्ञावलि तेवढी द्यावी, यंत्राची काळजी त्यांनीं वाहावी.

आज याच्या मुख्यतः तीन रीती आहेत. पहिली रिकाम्या खोलीची: संगणक भाड्यानें मिळतो, चूलभांडीं आपलीं. दुसरी सजविलेल्या बिऱ्हाडाची: आज्ञावलि नेऊन ठेवावी, बाकीची व्यवस्था घरमालक पाहतो. तिसरी खानावळीची: जितकीं पानें उठलीं तितकेच पैसे; कोणी आलेंच नाहीं तर चूल थंड.

आमच्या परिचयाच्या एका वाचनालयाचें उदाहरण घेतों. दिवाळी अंकांची योजना हा त्याचा वर्षाचा मोठा सोहळा. वर्गणी कोणीं भरली, कोणता अंक कोणाकडे आहे, पुढचा क्रम कोणाचा, हें सारें एका जाड वहींत असे. चिटणिसांच्या पुतण्यानें सुटींत बसून त्यासाठीं एक वेब अ‍ॅप केलें. सभासदानें घरबसल्या अंक राखून ठेवावा आणि अंक मोकळा होतांच त्यास संदेश जावा. आज्ञावलि एका जागीं, नोंदींचा डेटाबेस दुसऱ्या जागीं आणि मुखपृष्ठांचीं चित्रें तिसऱ्या कोठारांत, अशी त्यानें मांडणी केली. केंद्र मुंबईचेंच निवडलें. कारण चेंबूरच्या सभासदाची मागणी सातासमुद्रांपलीकडे जाऊन परत यावी, यांत वेळ व्यर्थ जातो. एरवीं दिवसांतून पांचपंचवीस माणसें डोकावत, तेव्हां खर्च नांवापुरता. योजनेच्या पहिल्या सकाळीं शेंकडों सभासद एकदम आले. तेव्हां क्लाउडनें त्याच आज्ञावलीच्या आणखी प्रती आपोआप चालू केल्या आणि गर्दी ओसरतांच बंद केल्या. लग्नघरीं वाढपी वाढवावे आणि पंगत उठतांच त्यांस निरोप द्यावा, तसेंच हें. सर्वांनीं पुतण्याचें कौतुक केलें. तें यथार्थच होतें.

दोन वर्षांनीं पुतण्या नोकरीनिमित्त परदेशीं गेला. क्लाउडचें खातें त्याच्या स्वतःच्या ई-मेलवर होतें आणि भाडें त्याच्याच कार्डावरून जाई. कार्डाची मुदत संपली. भाडें थकल्याचीं पत्रें ज्या पत्त्यावर जात होतीं, तो पत्ता पाहणें त्यानें केव्हांच सोडलें होतें. ऐन ऑक्टोबरांत, योजनेच्या तोंडावर, अ‍ॅप बंद पडलें. वाचनालयांत किल्ली कोणापाशींच नव्हती. घरमालकास विचारावें तर त्याच्या दप्तरीं वाचनालयाचें नांवच नाहीं. त्याचा भाडेकरू तो पुतण्या. अखेर पुतण्याशीं गांठ पडली, थकबाकी भरली गेली आणि नोंदी पुसल्या जाण्यापूर्वीं हातीं आल्या. तोंपर्यंत खजिनदारबाई चार दिवस जुन्या पावत्यांवरून सभासदांची यादी हातानें लिहीत बसल्या होत्या.

या प्रकारांत यंत्र कोठेंच चुकलें नाहीं आणि आज्ञावलीतहि दोष नव्हता. चुकलें तें बिऱ्हाडाचें दप्तर. घर कोणाच्या नांवें, भाडें कोणीं भरावयाचें, किल्ली कोणाकडे, हे प्रश्न कोणीं विचारलेच नव्हते. आणि हे प्रश्न विचारण्यास संगणकशास्त्र लागत नाहीं.

क्लाउडच्या करारांत जबाबदारीची वाटणी केलेली असते. इमारत, वीज, थंडावा, यंत्रांची दुरुस्ती हें घरमालकाचें; दाराची कडी, किल्ल्या आणि आंतील चीजवस्तु हें भाडेकऱ्याचें. कोठाराचें दार भाडेकऱ्यानें सताड उघडें टाकलें, तर घरमालक येऊन तें लावीलच असें नाहीं. आणि त्या कोठारांत असतें काय? सभासदांचीं नांवें, पत्ते, फोनचे क्रमांक. म्हणजे दुसऱ्यांची ठेव. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणार्थ भारतांत २०२३ सालीं स्वतंत्र कायदा झाला. परंतु ठेव जपावी हा धर्म त्या कायद्याहून पुष्कळ जुना आहे.

घरमालक थोर आहे, एवढ्यावरहि विसंबूं नये. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथें ओव्हीएच कंपनीची एक संगणकशाळा आगींत भस्म झाली. ज्यांनीं दुसरी प्रत अन्यत्र ठेविली नव्हती, अशा कित्येकांच्या नोंदी कायमच्या गेल्या. मे २०२४ मध्यें ऑस्ट्रेलियांतील युनिसुपर या निवृत्तिनिधीचें गूगल क्लाउडवरील बिऱ्हाड चुकीनें समूळ पुसलें गेलें आणि सहा लाखांवर सभासदांना कित्येक दिवस आपला हिशेब पाहतां आला नाहीं. निधीच्या चालकांनीं एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे ठेविली होती. घडी पुन्हां बसवितांना तिचा मोठा आधार झाला.

आमच्या वाचनालयाच्या खजिनदारबाईंनीं पुढच्या सभेंत जे ठराव मांडले, ते कोणत्याहि संस्थेनें वा घरगुती धंद्यानें उचलावे असे आहेत. खातें संस्थेच्या नांवें असावें आणि किल्ल्या दोन पदाधिकाऱ्यांपाशीं असाव्या. जो पदावरून उतरेल त्याची किल्ली त्याच दिवशीं परत घ्यावी. भाडें संस्थेच्या पैशांतून जावें आणि खर्च ठराविक आंकड्याजवळ येतांच सूचना मिळावी. मात्र सूचना केवळ हांक मारते, खर्च आपोआप थांबवीत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. नोंदींची एक प्रत दरमहा अन्य ठिकाणीं काढून ठेवावी आणि वर्षांतून दोनदां तरी ती उघडून, चालवून पाहावी. लोणच्याची बरणी फळीवर दिसते एवढ्यानें भागत नाहीं. झांकण काढून पाहिलें तरच बुरशी कळते. शेवटीं, ही सारी व्यवस्था, आणि उद्यां हें घर सोडून दुसऱ्या घरमालकाकडे जावयाचें झाल्यास काय काय उचलावें, हें दोन कागदांवर साध्या मराठींत लिहून कपाटांत ठेवावें.

या बाईंना आज्ञावलीची एक ओळहि लिहितां येत नाहीं. त्यांनीं पस्तीस वर्षें शाळा आणि अकरा माणसांचें घर संभाळलें, एवढीच त्यांची या विषयांतील तयारी. आणि ती पुरेशी ठरली.

म्हणून आमची वडीलधाऱ्यांस विनंति आहे कीं, यंदा सुटींत मुलें घरीं येतील तेव्हां त्यांनीं कोणासाठीं काय बांधलें आहे, तें अवश्य विचारावें, मनापासून कौतुक करावें, आणि मग खातें कोणाच्या नांवें आहे व दुसरी प्रत कोठें आहे, हेंहि विचारावें. तरुण वाचकांनीं ही ढवळाढवळ समजूं नये. उद्यां परगांवीं जावयाचें तुम्हांसच आहे. मागें राहणाऱ्यांच्या हातीं किल्ली देऊनच निघावें.