मांडवामागचा माणूस

पेपरातलं निधनवार्तांचं पान कधी नीट वाचलंय? "मनमिळाऊ, कष्टाळू, कुटुंबवत्सल, समाजकार्याची आवड." फोटो बदलतो, मजकूर तोच. चक्क कॉपी-पेस्ट! माणसाने तीस-चाळीस वर्षं नोकरी सांभाळून, घर चालवून लोकांसाठी जे काही केलं, ते चार विशेषणांत गुंडाळायचं की झालं. मला याचा राग येतो.

आता वामनराव गोडबोल्यांचंच घ्या. आमच्या ऑफिसातल्या नागपूरकरांना हे नाव विचारून पाहिलं. एकाला वाटलं, पुण्याचे कोणी गायक असतील :) आणि ही सगळी मंडळी दर दसऱ्याला दीक्षाभूमीसमोरच्या ट्रॅफिकबद्दल कुरकुरणारी!

गोडबोले रेल्वेत नोकरीला होते आणि नागपुरातल्या बौद्ध संस्थेचे सचिव होते. १४ ऑक्टोबर १९५६ चा धम्मदीक्षा सोहळा उभा करण्यात मोठा वाटा त्यांचा. बाबासाहेबांनी २३ सप्टेंबरला पत्रक काढून जाहीर केलं: नागपूर, १४ ऑक्टोबर, सकाळी ९ ते ११. म्हणजे हातात उरले दिवस २१. आपल्याकडे तीन आठवड्यांत साधं रिलीज धड जात नाही, मीटिंगांमध्येच दोन आठवडे संपतात. इथे लाखोंनी माणूस येणार होता. गर्दीचे अंदाज तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत सांगतात. जागा, मांडव, पाणी, पांढऱ्या कपड्यांत खेड्यापाड्यांतून येणाऱ्या बायाबापड्यांची सोय... आणि हे कोणाच्या पगारी कामात बसत नव्हतं. हाताशी मोठा पैसा नाही, फोन क्वचित कुणाकडे. तेव्हाचे उपमहापौर सदानंद फुलझेलेही तिशीच्या आतलेच. त्यांनी पुढे स्मारक समितीचं काम कितीतरी वर्षं पाहिलं. २०२० मध्ये ते गेले.

गोडबोल्यांचं काम त्या दिवशी संपलं नाही. काही वर्षांनी जपानहून आलेले भंते सुरई ससाई नागपुरात पोचले ते त्यांच्याकडेच. भंतेजी सांगतात, त्यांच्या घरातला बाबासाहेबांचा फोटो पाहिला आणि स्वप्नात दिसलेला माणूस हाच, हे ओळखलं. स्वप्नाचं ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यात दिसतं ते गोडबोल्यांचं दार. परक्या मुलखातल्या भिक्षूला या शहरात ज्याच्याकडे जावं असा माणूस म्हणजे हा.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांसमोर व्यवस्थापकाचं काय कौतुक? अहो, तुलना कुठे करतोय मी? पण पुतळा एकाचाच उभा राहिला तरी त्या दिवशी मैदानावर राबणारे शेकडो होते. ते कोण, कुठल्या मोहल्ल्यातले, पोटापाण्यासाठी काय करायचे? त्या आठवड्यात त्यांच्या घरची चूल कोणी सांभाळली? गोडबोल्यांचं निदान नाव तरी उरलं. बाकीचे "कार्यकर्ते" या एका शब्दात गेले, आणि त्यांच्या बायका त्यातही नाहीत.

त्या वेळी विशीत असलेली माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत. इंदोऱ्यात, कामठीत कोणी ओळखीचे आजोबा-आजी असतील तर या रविवारी जाऊन बसा. "तुम्हाला कसं वाटलं?" हे विचारू नका, त्याला सगळे सारखंच उत्तर देतात. तुमच्याकडे काम काय होतं, पाणी कुठून आणलं, रात्री कुठे झोपलात, कामावरून सुट्टी मिळाली का की पगार कापला, असं विचारा. रेकॉर्डर मोबाईलमध्ये असतोच.